बँकेचा सीएसआर व्यवसाय धोरणाशी कुठे जोडावा आणि कुठे जोडू नये

एका मध्यम आकाराच्या खासगी बँकेतील सीएसआर (कंपनीची सामाजिक जबाबदारी) विभागाच्या अधिकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या बँकेचा सामाजिक खर्च आजवर देणग्यांच्या स्वरूपाचा होता. आता संचालक मंडळाचे म्हणणे आहे की हा खर्च व्यवसाय धोरणाशी जोडावा, आणि येत्या दोन वर्षांत ज्या तालुक्यांत नव्या ग्रामीण शाखा उघडायच्या आहेत तिथेच तो करावा. हे कायद्यात बसते का, आणि बसत असल्यास बँकेला त्यातून नेमके काय मिळते?

पहिल्या भागाचे उत्तर असे की, शाखा जिथे आहेत किंवा होणार आहेत तो भाग निवडणे कायद्यात बसते; त्या खर्चातून किती खाती उघडली जातील याचा हिशेब मांडणे बसत नाही. दुसऱ्या भागाचे उत्तर लांबणार आहे, कारण मंडळाने हा विषय कायद्याने सीएसआरवर खर्चायच्या, नफ्याच्या २ टक्क्यांपुरता पाहिला आहे आणि बँकेची सामाजिक जबाबदारी मुख्यतः उरलेल्या ९८ टक्क्यांत, त्यातही कर्जखात्यात असते, असे माझे मत आहे.

आधी आकडेमोड करू. समजा एखाद्या बँकेची एकूण कर्जे ५०,००० कोटी रुपयांची आहेत आणि मागील तीन वर्षांचा सरासरी निव्वळ नफा ८०० कोटी आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे तिला दरवर्षी किमान १६ कोटी रुपये सीएसआरवर खर्च करावे लागतील. म्हणजे दर १०० रुपये कर्जामागे साधारण तीन पैसे. याच बँकेला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ढोबळमानाने ४० टक्के, म्हणजे २०,००० कोटी, प्राधान्य क्षेत्राला (शेती, लघुउद्योग, दुर्बल घटक इत्यादींना) द्यावे लागतात आणि त्यातले १२ टक्क्यांच्या लक्ष्याचे ६,००० कोटी दुर्बल घटकांना. सोळा कोटींच्या सीएसआरसाठी समिती, वार्षिक आराखडा, छायाचित्रे आणि रंगीत अहवाल असतो. ६,००० कोटींच्या त्या कर्जांची चर्चा मात्र मार्चअखेरीस लक्ष्य पूर्ण झाले की नाही, आणि तूट असल्यास ती लक्ष्यापेक्षा जास्त कर्जे दिलेल्या बँकांकडून प्राधान्य क्षेत्र प्रमाणपत्रे विकत घेऊन भरायची की नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधीत पैसे ठेवून, एवढ्यावर संपते. धोरणाशी जोडणी करायचीच असेल तर ती इथून सुरू व्हायला हवी.

आता कायद्याची चौकट पाहू, कारण तिच्याबद्दल बँकांमध्येही बराच गोंधळ दिसतो. आधीच्या आर्थिक वर्षात ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट पूर्ण झाली की कंपनीला कलम १३५ लागू होते. खासगी बँका आणि लघु वित्त बँका कंपन्या असल्याने त्यांना ते लागू आहे. स्टेट बँक १९५५ च्या स्वतंत्र कायद्याने आणि राष्ट्रीयीकृत बँका १९७० व १९८० च्या कायद्यांनी स्थापन झालेल्या असल्याने त्या या कलमाखाली येत नाहीत. स्टेट बँक आपल्या आधीच्या वर्षाच्या नफ्याचा १ टक्का या कामासाठी बाजूला ठेवते. नागरी सहकारी बँकाही सहकार कायद्यांखाली नोंदलेल्या असल्याने या कलमाबाहेर राहतात, त्यांचे देणगीचे आणि धर्मादाय निधीचे मार्ग वेगळे आहेत. त्यामुळे शेजारच्या राष्ट्रीयीकृत बँकेचे किंवा जिल्ह्यातल्या मोठ्या सहकारी बँकेचे धोरण जसेच्या तसे उचलून आपल्या टिपणीत घालू नये.

२०२१ च्या सुधारित नियमांनी सीएसआरमधून काय वगळले आहे ते खासगी बँकेसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात केलेले काम, कर्मचाऱ्यांच्या लाभाचे काम, आपल्या उत्पादनांची किंवा सेवांची प्रसिद्धी व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व, आणि दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली बँकेने करायलाच हवे असे काम, यांपैकी काहीही सीएसआर ठरत नाही. गणेशोत्सव मंडळाच्या कमानीवर बँकेचे नाव लावून दिलेले पैसे प्रसिद्धीच्या खात्यात टाकावेत. आर्थिक साक्षरतेचे मेळावेही फार जपून दाखवावेत, कारण ग्रामीण शाखांनी दरमहा असा मेळावा घ्यावा ही रिझर्व्ह बँकेची आधीपासूनची अपेक्षा आहे. त्याचाच मंडप आणि चहा सीएसआरमध्ये टाकला तर लेखापरीक्षकाने हरकत घेतलीच पाहिजे. शिवाय सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता बँकेच्या नावावर राहू शकत नाही. ती लाभार्थ्यांच्या किंवा त्यांच्या बचत गटाच्या, नोंदणीकृत न्यास वा संस्थेच्या, नाहीतर सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावावर असावी लागते.

या संदर्भात एक गोष्ट जवळून दाखवतो. शाखाविस्ताराशी जोडलेल्या सीएसआर प्रस्तावांच्या टिपण्यांमध्ये बहुधा एक तक्ता असतो: गावाचे नाव, शाळेला द्यायचे संगणक, खर्च, लाभार्थी विद्यार्थी, आणि शेवटचा रकाना ‘अपेक्षित नवी बचत खाती’. बाकी प्रस्ताव कितीही चांगला असला तरी हा शेवटचा रकाना त्याला नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात ढकलतो. तो नुसता खोडून उपयोग नाही, कारण त्यामागचा विचार तसाच राहतो आणि शाखा व्यवस्थापकाला तोंडी सांगितलेले टार्गेट कागदावरून गायब झाले तरी गावकऱ्यांच्या लक्षात येतेच. संगणक मिळाले म्हणून खाते उघडलेला पालक पुढच्या महिन्यात खात्यात एक रुपयाही टाकत नाही. असे खाते निष्क्रिय होते, त्याच्या केवायसीचा खर्च बँकेवर पडतो आणि धोरण म्हणूनही हा सौदा वाईटच ठरतो.

मग जोडणी कुठे करावी? जिथे कर्ज पोहोचायला हवे पण आज पोहोचू शकत नाही, आणि न पोहोचण्याचे कारण व्याजदराखेरीज दुसरेच काहीतरी आहे, तिथे. कर्जाने सुटणारे प्रश्न कर्जानेच सोडवावेत. जनावराला औषधपाणी नाही, दुधाला दराची हमी नाही, विहिरीला पाणी नाही, महिलेला हिशेब लिहिता येत नाही, अशा वेळी दिलेले कर्ज तिच्या गळ्याचा फास होते आणि बँकेच्या वहीत थकबाकी. कर्जाआधीच्या या कामाला परतफेडीची अपेक्षा नसलेला पैसा लागतो, आणि बँकेपाशी असा पैसा फक्त सीएसआरचाच असतो.

याचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात आहे. म्हसवडमध्ये रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका महिलेला पावसाळ्याआधी झोपडीवर टाकण्यासाठी प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी तिला थोडीथोडी बचत करायची होती. रक्कम इतकी किरकोळ की बँका तिचे खाते उघडायला तयार नव्हत्या. त्यातून सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी स्थानिक महिलांना घेऊन बँक काढायचे ठरवले. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक महिला निरक्षर होत्या. त्यांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले, पुन्हा अर्ज केला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. शाखेत यायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बँकेचे प्रतिनिधी दारापर्यंत जाऊ लागले. पुढे कळले की नुसते कर्ज पुरत नाही, व्यवसायाचे प्रशिक्षण हवे. २००६ मध्ये ग्रामीण महिलांसाठी उद्योगाची शाळा सुरू झाली, तीही बँकेपासून वेगळ्या ठेवलेल्या माणदेशी फाउंडेशनमार्फत आणि बाहेरच्या, त्यात एका परदेशी बँकेच्याही, सामाजिक निधीच्या आधाराने.

ही बँक सहकारी असल्याने कलम १३५ चा तिच्याशी थेट संबंध नाही, तरी तुमच्या मंडळाने तिची रचना बारकाईने पाहावी. २०१२-१३ च्या दुष्काळात फाउंडेशनने म्हसवडला जनावरांची छावणी चालवली. दुष्काळात शेतकरी पहिल्यांदा जनावर विकतो, तेही सर्वांबरोबर आणि पडेल भावाने; पाऊस आल्यावर त्याच्याकडे दूधही नसते आणि औतही नसते. शेळी, म्हैस आणि बैल हेच ज्या घराचे भांडवल, त्या घराची कर्जफेडीची ताकद त्या चाऱ्यावर टिकते. छावणीचा खर्च कोणत्याही कर्जयोजनेत बसला नसता, कारण त्यातून कोणाला काहीच परत करायचे नव्हते. तो धर्मादाय पैशातून झाला आणि त्याचा परिणाम संपूर्ण तालुक्याच्या पतपुरवठ्यावर झाला असणार. छावणीत जनावर बांधणारा शेतकरी कोणत्या बँकेचा खातेदार आहे याची त्यासाठी गरज नव्हती. ‘धोरणात्मक सीएसआर’ म्हणतात तो मला असा अपेक्षित आहे: लाभ परिसराला, आणि परिसरात धंदा करणारी बँक त्यातली एक.

दुसरे उदाहरण कर्नाटकातले आहे. १९८२ मध्ये धर्मस्थळाजवळच्या उजिरे येथे सिंडिकेट बँक, कॅनरा बँक आणि श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर न्यास यांनी मिळून बेरोजगार तरुणांसाठी स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था काढली. निवासी आणि विनाशुल्क प्रशिक्षण, त्यानंतर पाठपुरावा आणि बँक कर्जाशी जोडणी अशी तिची पद्धत होती. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने पुढे हाच नमुना देशभर नेला आणि आज बहुतेक जिल्ह्यांत अग्रणी बँकेची (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय करणाऱ्या बँकेची) ‘आरसेटी’, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, आहे. या संस्थेचा खरा गाभा प्रशिक्षणानंतरच्या पाठपुराव्यात आहे. शिवणकामाचे वा मोबाइल दुरुस्तीचे वर्ग कोणीही घेते. वर्ग संपल्यावर दोन वर्षे त्या मुलीची विचारपूस करणारा माणूस मात्र कमी ठिकाणी सापडतो. खासगी बँकेला नवी प्रशिक्षण संस्था बांधायचा मोह होतो, कारण इमारतीवर पाटी लावता येते. त्याऐवजी जिल्ह्यातल्या असलेल्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांचा पाठपुरावा करणाऱ्या संस्थेला तीन वर्षांचा निधी द्यावा, असा माझा सल्ला राहील.

आता सीएसआर आणि कर्जव्यवहार यांच्यातल्या भिंतीविषयी. सीएसआरचा लाभार्थी पुढे कर्जदार होऊ शकतो, व्हावाही. पण त्याला दोन वेगळ्या दारांनी यावे लागेल. सीएसआर राबवणाऱ्या संस्थेने लाभार्थ्यांची यादी शाखेला देऊ नये, त्याने कोणत्या बँकेत खाते काढावे हे सुचवू नये, आणि शाखेने कर्जमंजुरीत ‘आपल्याच प्रकल्पातला आहे’ हा मुद्दा गुण म्हणून धरू नये. आपल्याच कर्जाच्या व्याजात सूट देण्यासाठी किंवा थकीत खाते बंद करून घेण्यासाठी सीएसआरचा पैसा वापरणे तर उघडच व्यवसाय आहे. ही भिंत केवळ कायद्यासाठी नाही. स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता बँकेचा वसुलीचा माणूस आहे असा समज गावात एकदा झाला की त्याच्यासमोर कोणी खरा हिशेब मांडत नाही, आणि तो खरा हिशेब कळणे हाच तर बँकेला होणारा मोठा लाभ असतो. पीक कधी येते, पैसा घरात कोणाच्या हातात येतो, सावकाराचे देणे आधी फेडले जाते की बँकेचे, लग्नसराईत हप्ता का चुकतो, या गोष्टी कर्जअर्जावर कधीच येत नाहीत. प्रकल्पांच्या अहवालांमधून व्यक्तीचे नाव न घेता त्या बँकेला कळू शकतात आणि त्यावरून हप्त्यांचे वेळापत्रक बदलता येते. दूध संघाच्या पगारवाटपाप्रमाणे दर दहा दिवसांचा छोटा हप्ता आणि शेळीपालनाला ईदच्या विक्रीनंतरचा मोठा हप्ता, असे बदल करायला सीएसआरचा एक रुपयाही लागत नाही. त्यासाठी उत्पादन विभागाने सीएसआरचे अहवाल वाचावे लागतात, जे तो सहसा वाचत नाही.

याच्या उलट बाजूनेही विचार हवा: सीएसआर जे सावरतो तेच कर्जखाते बिघडवत नाही ना? मराठवाड्याचे उदाहरण घ्या. राज्याच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अनेक कंपन्यांचा सामाजिक निधी गेला आहे आणि ते काम चांगले आहे. पण त्याच पाणलोटात बँकेची शेती कर्जे प्रामुख्याने उसाला जात असतील, ठिबकाची अट नसेल, आणि तलाव खोल झाला म्हणून उसाखालचे क्षेत्र वाढणार असेल, तर बँक एका हाताने जे पाणी साठवते ते दुसऱ्या हाताने उपसायला पैसा पुरवते. सीएसआर विभाग आणि कृषी कर्ज विभाग एकाच इमारतीत दोन मजल्यांवर बसतात, तरी हा विषय त्यांच्या एकत्र बैठकीत आल्याचे मी फार क्वचित पाहिले आहे. संचालक मंडळाला ‘जोडणी’ हवी असेल तर पहिली ठोस पायरी हीच: सीएसआरचा तालुका आणि त्या तालुक्यातील कर्जांची पीकनिहाय व व्यवसायनिहाय विभागणी एकाच कागदावर मांडणे.

वागणुकीचा मुद्दा संचालक मंडळांना आवडत नाही, तरी तो टाळता येणार नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो ही मोठ्या देणग्या देणाऱ्या कंपन्यांत गणली जाणारी बँक होती. २०१६ मध्ये उघडकीस आले की विक्रीच्या टार्गेटपायी तिच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लाखो खाती उघडली होती; नियामकांनी १८.५ कोटी डॉलरचा दंड केला आणि प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. देणग्यांनी त्या बँकेची लाज राखली नाही. आपल्याकडे इतके नाट्यमय काही घडायला नको असेल तर काउंटरवर पाहावे. पीक कर्ज मंजूर करताना शेतकऱ्याच्या गळ्यात न मागितलेली विमा पॉलिसी मारली जाते का? कर्ज फिटल्यावर तारणाची मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत मिळतात का, की रिझर्व्ह बँकेने ठरवलेले दिवसाला ५,००० रुपये भरायची वेळ येते? वसुलीचा माणूस संध्याकाळी सातनंतर दारात जातो का? २०१० मध्ये आंध्र प्रदेशात सूक्ष्म वित्त संस्थांनी (छोटी कर्जे देणाऱ्या संस्थांनी) गरिबांसाठीच काम करतो म्हणत एकाच घराला अनेक कर्जे दिली, वसुलीत अतिरेक झाला, सरकारने अध्यादेश काढला आणि परतफेड जवळपास थांबली. सामाजिक हेतूची पाटी असलेल्या कर्जव्यवहारातच ते घडले, हे विसरू नये.

जिल्ह्यांच्या निवडीबद्दल मात्र मंडळाच्या प्रस्तावात मला एक चांगली शक्यता दिसते. बँक जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कलम १३५ स्वतःच सांगते. पण देशातल्या सीएसआर खर्चात महाराष्ट्र वरच्या क्रमांकावर असूनही त्यातला पैसा मुख्यालये जिथे आहेत त्या मुंबई-पुणे पट्ट्याकडे ओढला जातो. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव हे आकांक्षित (विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेले) जिल्हे त्या मानाने दूर राहतात, कारण तिथे काम करणाऱ्या, हिशेब नीट ठेवणाऱ्या आणि सीएसआर-१ नोंदणी (सीएसआरचे काम राबवण्यासाठी संस्थेला लागणारी सरकारी नोंदणी) असलेल्या संस्था कमी आहेत. शाखाविस्ताराच्या आराखड्यात यांपैकी एखादा जिल्हा असेल तर तो जरूर निवडावा आणि पहिल्या वर्षी स्थानिक संस्थेच्या हिशेबाची घडी बसवण्यावरही वेळ घालवावा. बँकेच्या माणसांना ते काम येते, आणि मला विचाराल तर कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेचा तो वृक्षारोपणाच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी चांगला उपयोग आहे.

पैशाच्या वेळापत्रकाबद्दल थोडे सांगतो, कारण बहुतेक चांगल्या योजना इथे मरतात. मंडळ सप्टेंबरमध्ये आराखडा मंजूर करते, करार डिसेंबरात होतात आणि मार्चमध्ये रुग्णवाहिका व संगणक खरेदी करून रक्कम संपवली जाते. वास्तविक नियमांत बहुवार्षिक प्रकल्पाची सोय आहे: सुरू झाल्याचे वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंतचा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घेतला, तर न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. प्रकल्प चालू स्वरूपाचा नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत कंपनी कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये नमूद केलेल्या सरकारी निधीत भरावी लागते, आणि हे चुकल्यास बँकेला व जबाबदार अधिकाऱ्यांना दंड आहे. पाणलोट, पशुधन किंवा महिला उद्योगाचे काम एका वर्षात होत नाही; म्हणून आराखड्यातील किमान निम्मी रक्कम बहुवार्षिक प्रकल्पांना बांधून घ्यावी.

मोजमाप कसे करावे हे तुम्ही विचारलेले नाही, पण मंडळ विचारेल. सरासरी सीएसआर बंधन १० कोटी किंवा त्याहून अधिक असलेल्या कंपनीला १ कोटी वा त्यापेक्षा मोठ्या आणि पूर्ण होऊन किमान वर्ष झालेल्या प्रकल्पांचे परिणाम मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावे लागते. वर घेतलेल्या उदाहरणातली १६ कोटींची बँक त्यात येते. या मूल्यमापनात ‘किती लाभार्थी’ हा आकडा सर्वांत निरुपयोगी असतो. प्रकल्पाच्या गावांत सावकारी कर्जाचे प्रमाण घटले का, दुष्काळी वर्षात जनावरांची विक्री कमी झाली का, आणि कोणत्याही बँकेकडून, आपल्याच असे नाही, घेतलेल्या आणि वेळेत फेडलेल्या कर्जांची संख्या वाढली का, हे तीन प्रश्न संस्थेच्या कार्यकक्षेत लिहून द्यावेत. तिसऱ्या प्रश्नातले ‘कोणत्याही’ हा शब्द मंडळातील कोणीतरी खोडायला सांगेल. तिथे ठाम राहावे, आणि नियमांतील नेहमीच्या व्यवसायाच्या ओघाचे कलम बैठकीच्या कागदांत आधीच जोडून ठेवावे.